बारदान

कोपरखैरण्यात, माथाडी वसाहतीच्या बैठ्या ओळीत,
रात्री दीड वाजता मी आवाज निवडत बसलेय.
निवडत म्हणजे तांदूळ निवडतात तसं:
हा मोबाइल टॉवरचा, हा विमानाचा,
हा कुठल्याशा उपग्रहाचा, हा कुणाचा कळत नाही
पण आकाशाचा नक्की नाही. काढ.
आठ तासांच्या निरीक्षणातले दोन तास
असेच सुपाबाहेर गेले.

उरलं त्यात एक खुजी दीर्घिका आहे.
नाव नाही, यादीतला क्रमांक फक्त,
अण्णांच्या बिल्ल्यावर असायचा तसा.
फोटोत बघाल तर काचेवरचा डाग, कुणी पुसायचा राहिलेला.
हायड्रोजन मात्र त्या डागाच्या चौपट पसरलाय,
थंड, न पेटलेला,
तारे व्हायचं अजून मनावर न घेतलेला.

अण्णा पाणी प्यायला उठले.
हौसेराव पार्टे, मापाडी, कांदा-बटाटा मार्केट, वाशी.
सदतीस वर्षं.
"काय करतेस?"
"वजन."
आता ते खुर्ची ओढणार, हे मला ठाऊक होतं.

"काटा कुठाय?"
मी आलेख दाखवला. ही टेकडी,
खरखरीतून जेमतेम डोकं वर काढलेली.
हिच्या पोटातलं क्षेत्रफळ आणि तिथवरचं अंतर कळलं
की वायूचं वजन निघतं.
एकेक अणू कोटीभर वर्षांत एकदा कूस बदलतो
आणि एकवीस सेंटीमीटरची लाट सोडतो.
"एकवीस म्हंजे?"
त्यांनी टेबलावर वीत ताणली.
बोटं हल्ली पूर्ण उघडत नाहीत.
बरोबर एकवीस भरली असेल.

"कोटी वर्षांत एकदा, मग तुला ऐकू कसं येतं?"
"अणू लई आहेत, अण्णा."
हे पुढे समजवावं लागलं नाही.
"आन् माल कुठला?"
"दुर्बिणीच्या तबकड्या नारायणगावजवळ."
"जुन्नरकडचा," ते समाधानाने म्हणाले,
प्रतीची चौकशी तिथेच संपली.

मग मी अडचण सांगितली.
एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते,
सावकाश, पण एवढ्याशा मालाला तेही जास्तच.
तारे धरले, वायू धरला,
हीलियमचा म्हणून वर तिसरा हिस्सा घातला,
बेरीज भरते दहा.
फिरणं सांगतं शंभर.
नव्वद कुणीच पाहिलेले नाहीत.

अण्णांनी तांब्या खाली ठेवला.
"म्हंजे मालापेक्षा बारदान जड."

मी सहा वर्षं हे वाक्य इंग्रजीत लिहितेय,
दरवेळी दोन परिच्छेद लागतात.

"सत्त्याऐंशी साली एक गाडी आली," ते सांगू लागले,
"काटा रेटून जास्त दाखवी. व्यापारी म्हणाला, काटाच बिघडलाय."
"आमच्यातही काहीजण तेच म्हणतात."
"असं? मग तपासला का तुम्ही?"
"दर पाऊण तासाला. एका ओळखीच्या, तेजस्वी ठिकाणाकडे तोंड करून."
"मीही तपासला. ठीक होता.
मग कांदा ओतायला लावला,
रिकामी गोणी एकटी तोलली.
तुला ओतता येतो का?"
"नाही."
"गोणी दिसते तरी?"
"नाही, अण्णा."

ते बराच वेळ टेकडीकडे बघत राहिले,
चष्मा कपाळावर, मान किंचित डावीकडे,
काटा स्थिरावायची वाट बघताना
करायचे तशी.
"दोन्ही आकडे लिही. खोडाखोड नको."
आणि पडदा सारून आत गेले.

मी पुन्हा निवडायला बसले.
चॅनेल चौऱ्याहत्तर, काढ. पंच्याहत्तर, राहू दे.
आतून खाट करकरली,
आणि बऱ्याच वेळाने अंधारातून:

"गोण्या ओल्या असतील. बघ."